दहा दिवस आणि एकवीस वर्षं

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न झोपेत विचारा, उत्तर येईल. अमेरिकेत जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणारी पहिली भारतीय महिला कोण? आनंदीबाई जोशी. एक मार्क पक्का, पुढचा प्रश्न. २०१९मध्ये ‘आनंदी गोपाळ’ हा सिनेमा आला तेव्हा आपल्यापैकी बरेच जण दहावी-बारावीत होतो. सिनेमा पाहिला, डोळे पुसले, स्टेटस ठेवलं आणि पुन्हा अभ्यासाला लागलो. लातूरला नीटच्या क्लासला जाणाऱ्या कितीतरी मुलींनी तर तिचा फोटो टेबलासमोर लावला असेल.

पण ती डॉक्टर झाली का, आणि डॉक्टर झाल्यावर तिचं काय झालं, हे दोन प्रश्न पेपरात येत नाहीत. दोन्हींच्या उत्तरात एकेक मृत्यू आहे. पहिला तिच्या बाळाचा, दुसरा तिचा स्वतःचा. आणि दोन्हींचा संबंध एकाच गोष्टीशी आहे : आजार वेळेवर कळणं.

आणखी एक. या लेखात आनंदीबद्दल एकेरीच लिहितेय. आदर कमी आहे म्हणून नाही. ती गेली तेव्हा तिला बाविसावं वर्ष चालू होतं, म्हणजे ती आपल्याच वयाची. आपल्या बॅचमधल्या मुलीला कोण अहो-जाहो करतं?

कल्याणची यमुना

३१ मार्च १८६५ हा तिचा जन्मदिवस. माहेरचं नाव यमुना. माहेर कल्याणचं, घराणं जुनं, पण घरची ऐपत पूर्वीसारखी राहिलेली नव्हती. तेव्हाच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात कारकून, बिजवर, तिच्यापेक्षा जवळपास वीस वर्षांनी मोठा. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव माणूस विक्षिप्त. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आजूबाजूला लोक बायकांना शिकू देत नव्हते आणि हे गृहस्थ बायको शिकत नाही म्हणून चिडायचे. ऐकायला हे भारी वाटतं, पण त्यात मारझोडही होती. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत आनंदीने त्या दिवसांची आठवण करून दिली आहे. म्हणजे ज्या माणसाने तिला पुस्तकापर्यंत नेलं, त्याचाच हात तिच्यावर उठत होता. तिची गोष्ट सांगताना यातली एक बाजू गाळणं बरोबर नाही.

पहिले दहा दिवस

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. आज आठवी-नववीत असते तेवढी मुलगी, आणि तिच्या मांडीवर बाळ. ते बाळ दहा दिवस जगलं.

त्याच्यावर नीट उपचार झाले नाहीत, कारण उपचार करणारंच कुणी नव्हतं. बाळंतपण म्हणजे अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून होणारी गोष्ट. पुरुष डॉक्टरला बाळंतिणीच्या खोलीत येऊ द्यायचं नाही, आणि बाई डॉक्टर तर नाहीच. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडतंय, श्वास भराभर चालतोय, अशी लक्षणं कुणी पाहिली तरी ती सांगायची कुणाला? तेव्हा घरोघरी बाळं जायची. देवाने दिलं, देवाने नेलं, असं म्हणून माणसं पुढच्या कामाला लागायची.

आनंदी कामाला लागली, पण वेगळ्या. आपल्या देशात बायकांसाठी बायका डॉक्टर नाहीत, म्हणून बायका आजार अंगावर काढतात आणि जातात, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. डॉक्टर व्हायचं तिने ठरवलं ते इथून. म्हणजे तिच्या पदवीची सुरुवात त्या दहा दिवसांत आहे.

पोस्टाच्या बदल्या आणि एक पत्र

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग थेट कोलकाता आणि बंगालमधलं सेरामपूर. प्रत्येक गावी तोच प्रकार. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणारी, पुस्तकं घेऊन शाळेत जाणारी ब्राह्मण बाई पाहून लोक थांबून बघायचे, हसायचे, मागून बोलायचे.

१८८०मध्ये गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला अमेरिकेत वैद्यक शिकायचंय, काही सोय होईल का? वाइल्डरने ते आपल्या मासिकात छापलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनी तिथलं मासिक चाळलं आणि ते पत्र त्यांच्या नजरेला पडलं. त्यांनी आनंदीला पत्र पाठवलं. दोघींनी एकमेकींना पाहिलंही नव्हतं, तरी मावशी-भाचीचं नातं जुळलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आनंदीची तब्येत अमेरिकेला जायच्या आधीच बरी नव्हती. बंगालमध्ये असताना तिला अशक्तपणा होता, सारखं डोकं दुखायचं, मधूनमधून ताप यायचा, कधी धाप लागायची. कार्पेंटर मावशींनी तिकडून औषधं पाठवली, गुण आला नाही. तो टीबीच होता असं आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला वारंवार ताप आणि धाप, ही गोष्ट तेव्हाही साधी नव्हती. शरीर काहीतरी सांगत होतं.

तरी ती निघाली. निघण्याआधी, १८८३च्या फेब्रुवारीत, सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात तिने इंग्रजीत भाषण केलं. मी अमेरिकेला का जाते, हाच विषय. या देशाला बायका डॉक्टरांची गरज आहे आणि ती गरज भागवायला मी स्वतःला पुढे करते, असा त्याचा सारांश. धर्म सोडणार नाही, हेही तिने तिथेच सांगून टाकलं. वय वर्षं अठराही पूर्ण नाही! आपल्याला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आभार मानायला उभं केलं तरी पाय थरथरतात.

समुद्र ओलांडून

७ एप्रिल १८८३ रोजी ती कोलकात्याहून बोटीत बसली. गोपाळराव बरोबर नव्हते. ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली. त्या काळी आपलं निलंगा निजामाच्या राज्यात होतं आणि इथल्या बाईला पंढरपूरची वारी हाच मोठा प्रवास होता, एवढं आठवलं तरी या प्रवासाचा अंदाज येईल.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. डीन रेचल बॉडली यांनी तिला मदत केली. तिथे तिच्याबरोबर जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबूली याही शिकत होत्या. १८८५च्या ऑक्टोबरमधला तिघींचा एक फोटो आजही इंटरनेटवर फिरतो. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, शांतपणे कॅमेऱ्याकडे बघत बसलेल्या. डावीकडची साडीतली आनंदी.

पण फोटोत थंडी दिसत नाही. फिलाडेल्फियातला हिवाळा, अंगावर साडी, शाकाहारी जेवण, तेही परक्या देशात स्वतःच जुळवायचं. तब्येत आणखी खालावत गेली. अभ्यास मात्र थांबला नाही. तिने प्रबंधासाठी विषय घेतला आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आयुर्वेदाचे जुने ग्रंथ आणि अमेरिकेतली नवी पुस्तकं, दोन्हींचा आधार तिने घेतला. म्हणजे बाळ गेल्यानंतर सहा-सात वर्षांनी ती आई पुन्हा त्याच विषयाशी येऊन बसली होती. बाळंतपण सुरक्षित कसं करायचं?

११ मार्च १८८६ रोजी तिला एम.डी. पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा निरोप आला. (त्याच वर्षी कोलकात्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकाचं शिक्षण पूर्ण केलं. दोघींची नावं सोबत घ्यायला हवीत.) कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची प्रमुख म्हणून तिची नेमणूकही झाली.

ती तिथे रुजू होऊ शकली नाही. १८८६च्या अखेरीस ती मायदेशी परतली ती आजारी होऊनच. आजार क्षयाचा, आपण ज्याला टीबी म्हणतो तो. पुण्यात वैद्यांचे उपचार झाले, उपयोग झाला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी ती गेली. बाविसावा वाढदिवस महिनाभरावर होता. पदवी हातात पडल्यापासून मोजून ३५२ दिवस.

तिच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आनंदीच्या नावाचा दगड आजही आहे. कल्याणची मुलगी, विसावा मिळाला परक्या गावात.

शोध लागला होता, पण...

आता जरा तारखा बघू. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. जागतिक क्षयरोग दिन २४ मार्चला असतो तो यामुळेच. म्हणजे आनंदी बोटीत बसली त्याच्या वर्षभर आधी आजाराचं कारण कळलं होतं. थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून जंतू बघता येऊ लागला होता.

पण कळणं आणि बरं होणं यांच्यामध्ये अजून मोठं अंतर होतं. एक्स-रेचा शोध १८९५चा. बीसीजी लस पहिल्यांदा माणसाला दिली १९२१मध्ये. टीबीवर खरोखर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३मध्ये सापडलं. तिच्या मृत्यूनंतर ५६ वर्षांनी! त्यामुळे तिचा आजार लवकर ओळखला असता तर ती नक्की वाचली असती, असं म्हणता येत नाही. विश्रांती, चांगलं खाणंपिणं आणि उबदार जागा, एवढंच तेव्हाच्या डॉक्टरांच्या हातात होतं. कदाचित काही वर्षं जास्त मिळाली असती.

आज चित्र उलटं आहे. औषध आहे, तपासणी आहे, दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. उपचार चालू असताना खाण्यापिण्यासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या खात्यावर येतात. थुंकीच्या नव्या मशीनवर काही तासांत निकाल कळतो. मग अडतं कुठे? अडतं ते आपल्याकडेच. खोकला आहे, जाईल. मुलगी लग्नाची आहे, बोभाटा नको. दुकान बंद ठेवून लातूरला कोण जाणार? मेडिकलमधून एक बाटली आणायची आणि ढकलायचं.

नियम साधा आहे. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, थुंकीत रक्त, यातलं काहीही असेल तर थुंकी तपासून घ्यायची. घरात एकाला टीबी निघाला तर बाकी सगळ्यांनी तपासायचं, लहान मुलांनी तर आधी. मुलांमध्ये टीबी नेहमी खोकल्याच्या रूपात दिसत नाही. मूल खातंय तरी वजन वाढत नाही, ताप रेंगाळतो, खेळायला जात नाही, एवढंच दिसतं. आणि कोर्स सुरू केला की मध्ये सोडायचा नाही. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, पण जंतू गेलेला नसतो. अर्धवट सोडलं की तो औषधाला दाद देईनासा होतो आणि मग उपचार लांबतो, अवघड होतो.

तिसरा दिवस, सातवा दिवस

आता पुन्हा त्या दहा दिवसांच्या बाळाकडे येऊ. नवजात बाळांचे जे मृत्यू होतात त्यातले बहुतेक पहिल्या आठवड्यातच होतात. मग त्या आठवड्यात बाळाला बघायला कुणीतरी घरी गेलं तर?

हा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करायचं, अंगाचं तापमान बघायचं, श्वास मोजायचे, धोका ओळखायचा, घरीच उपचार करायचे. अक्षरओळख नसलेल्या सुईणीलाही श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचं साधं मोजयंत्र तयार केलं. त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. पुढे २०११पासून देशभर आशाताईंना हे काम दिलं गेलं.

म्हणून तर दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. आपण तिला पाहिलेलं असतं. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. घरातली मंडळी म्हणतात, बाळ झोपलंय, नंतर या. पण ती काय बघायला आलेली असते ते ऐका. बाळ अंगावर नीट पितंय का, रडणं मंद झालंय का, हातपाय गार आहेत का, अंग ढिलं पडलंय का, छाती आत ओढली जातेय का, मिनिटाला श्वास साठ किंवा त्याहून जास्त आहेत का. यातलं एक जरी दिसलं तरी ते धोक्याचं लक्षण, लगेच दवाखाना. आनंदीच्या बाळाला हे तिसऱ्या आणि सातव्या दिवसाचे दोन फेरे मिळाले असते. तिच्या घरी तेव्हा बघणारंच कुणी आलं नाही.

शाळेत येणारी गाडी

बाळ मोठं झालं तरी बघणं संपत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हे त्याचं काम. डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मतःचे दोष, जीवनसत्त्वांची कमतरता, लहानपणीचे आजार आणि वाढीतला उशीर, अशा चार गोष्टी ते शोधतात. हृदयाला छिद्र, वाकडे पाय, फाटलेला ओठ, मोतीबिंदू, कमी ऐकू येणं असं काही निघालं तर पुढे पाठवतात आणि उपचार मोफत होतात.

आपल्याकडे अडचण एकच. त्या दिवशी मूल शाळेत नसतं. कुणी ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेलं, कुणी सोयाबीन काढायला रानात, कुणी मामाच्या गावाला. किंवा पथकाने चिठ्ठी दिलेली असते आणि ती दप्तरात चुरगळून जाते. वर्गात मागे बसणाऱ्या, बाई ओरडल्या तरी उत्तर न देणाऱ्या पोराला आपण मठ्ठ म्हणून मोकळे होतो. त्याला फळा दिसत नसेल किंवा ऐकूच येत नसेल, हे डोक्यात येत नाही. सहाव्या वर्षी कळलं तर चष्म्यावर भागतं. सोळाव्या वर्षी कळलं तर मधली दहा वर्षं परत येत नाहीत.

आणि मोठ्यांचं? तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी, बायकांची स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी, हेही आता आरोग्य केंद्रात होतं. आपल्या घरात आई सगळ्यांत शेवटी जेवते आणि सगळ्यांत शेवटी दवाखान्यात जाते. वडील तंबाखू मळताना तोंडातला पांढरा चट्टा दाखवायला लाजतात. फॉर्म घेऊन आलेल्या आशाताईला आपण दारातच ‘आमच्याकडं सगळं ठीक आहे’ सांगून वाटेला लावतो.

आपल्याला काय करता येईल?

एक मुद्दा राहिला, तो अवघड आहे. आनंदी चौदाव्या वर्षी आई झाली. आज कायद्याने मुलीचं लग्न अठराच्या आधी करता येत नाही. तरी मराठवाड्यात अशी लग्नं लपूनछपून लागतात, हे आपण सगळे जाणतो. वऱ्हाडात जेवायला आपणही गेलेलो असतो. आईचं शरीर स्वतःच वाढत असेल, रक्त कमी असेल, तर बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी मुली गुपचूप खिडकीबाहेर टाकतात. लवकर ओळखायचंच असेल तर सुरुवात तिथपासून करावी लागते.

आनंदीपेक्षा काही महिन्यांनीच मोठी असलेली रखमाबाई राऊत लंडनला शिकून डॉक्टर झाली. परत येऊन तिने सुरत आणि राजकोटला कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले आणि नव्वदी पार करून १९५५मध्ये ती गेली. दोघी एकाच काळातल्या, दोघींची लग्नं लहानपणीच झालेली, दोघींनी समुद्र ओलांडलेला. एकीला काम करायला आयुष्य मिळालं, दुसरीला मिळालं नाही. कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात आनंदीने चाळीस वर्षं काम केलं असतं तर किती बाळं अकराव्या दिवशीही जिवंत असती? याचा हिशोब कुठे लिहिलेला नाही.

शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचं नाव दिलेलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण तिला शुक्रापेक्षा बाळंतिणीच्या खोलीत जास्त रस होता. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, आज एवढं करा. घरात कोण दोन आठवड्यांपासून खोकतंय ते बघा. गल्लीत नवं बाळ आलं असेल तर आशाताईचे फेरे होतात का, विचारा. भाच्याच्या दप्तरात तपासणीची चिठ्ठी पडली असेल तर ती बाहेर काढा. निलंग्याचं उपजिल्हा रुग्णालय गावातच आहे. मोठी तपासणी लागली तर लातूर पन्नासेक किलोमीटरवर. आणि तातडीचं असेल तर १०८ नंबर मोबाइलमध्ये आहे ना, एकदा बघून घ्या.